कुळाची जमीन नावावर करताना: खंडाच्या पावतीपासून ३२ म च्या दाखल्यापर्यंत

आमच्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती. तिच्यात लाल फडक्यात बांधलेल्या खंडाच्या, म्हणजे जमीन कसण्याबद्दल मालकाला घातलेल्या भाताच्या किंवा पैशाच्या, पावत्या. त्यातल्या एका पावतीचा निम्मा कागद वाळवीने खाल्ला होता, तरी आजोबांचे नाव, 'भात मण सहा' आणि मालकाची तिरकी सही एवढे वाचता येत होते. वडिलांनी पुढे त्या जमिनीची ठरलेली किंमत सरकारात भरली. चलनाची घडी केली, त्याच ट्रंकेत ठेवली आणि काम झाले असे समजून ते लावणीला लागले. दाखला आणायला कोणी गेलेच नाही. वीसेक वर्षांनी मालकाच्या नातवंडांनी जमीन विकायला काढली तेव्हा कळले, की सातबाऱ्यावर मालक म्हणून अजून त्यांचीच नावे आहेत आणि आम्ही 'इतर हक्कात' एका ओळीपुरते उरलो आहोत.

कोकणात कुळांचे, म्हणजे खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचे, असे अर्धवट राहिलेले हक्क घरोघरी आहेत. पालघरपासून दोडामार्गापर्यंत ज्या गावात जाल तिथे कोणीतरी सांगतो, 'आम्ही कुळं आहोत, पण नाव लागलं नाही.' महामार्ग रुंद झाला, रेल्वे आली, समुद्राकडेच्या कातळालाही भाव आला, आणि पन्नास वर्षे गावाकडे न फिरकलेल्या मालकांचे वारस आता नकाशे घेऊन येतात. म्हणून हा लेख. वकिलाची जागा तो घेणार नाही, पण वकिलाकडे जाताना हातात काय हवे आणि कुठे फसायला होते, ते यातून कळेल.

हक्क कुठून आला

खोतीच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या, जाचाविरुद्ध कोकण लढले आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला, जमिनी ओसाड ठेवल्या आणि तो सहा वर्षे चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर खोती कायद्याने गेली. मात्र खोती गेली म्हणून कूळ आपोआप मालक झाले नाही, त्यासाठी वेगळा कायदा लागला. आज त्याचे नाव महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८. आपल्याकडे सगळे त्याला नुसते 'कूळकायदा' म्हणतात.

या कायद्यातली सर्वांत मोठी तारीख १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन स्वतः कसत होता, त्याने ती मालकाकडून विकत घेतली असे कलम ३२ प्रमाणे मानले जाते. हे नीट समजून घ्या. तुम्ही तहसीलदाराकडे जमीन मागायला जात नाही. कायद्याने ती १९५७ लाच तुमच्या आजोबांची झाली. तिची किंमत ठरवून (कलम ३२ ग), भरून, दाखला (कलम ३२ म) घ्यायचे तेवढे बाकी आहे. आम्ही हे उमगेपर्यंत कचेरीत हात जोडून उभे राहायचो. उमगल्यावर खुर्ची ओढून बसायला लागलो.

आधी ओळखा: आपण कोणत्या प्रकारचे कूळ

पहिला प्रकार सरळ आहे. १९५७ च्या आसपासच्या सातबाऱ्यावर किंवा जुन्या हक्कनोंदीत आजोबा-पणजोबांचे नाव कूळ म्हणून आहे आणि जमीन तेव्हापासून घरच्याच कसणुकीत आहे. तुमचा मार्ग थेट ३२ ग चा.

दुसरा प्रकार, नोंद नाही पण कसणूक आहे. खोत किंवा सावकार तोंडी म्हणाला, 'तुम्ही कसा, अर्धेल घाला, कागद कशाला?' (अर्धेल म्हणजे निम्मे पीक मालकाला) आणि तीन पिढ्या तशाच गेल्या. कायद्याचे कलम ४ अशा माणसाला मानीव कूळ म्हणते. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, जो मालकाच्या कुटुंबातला नाही, मालकाच्या देखरेखीखालचा मजूर किंवा पगारी गडी नाही आणि जमीन गहाण घेऊन बसलेला सावकारही नाही, तो कूळ. इथे आधी 'मी कूळ आहे' हे ठरवून घ्यावे लागते. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

तिसरा प्रकार १९५७ नंतर लागलेल्या कुळांचा. त्यांना कलम ३२ ओ प्रमाणे कुळवहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत खरेदीचा हक्क बजावायचा असतो. वर्ष उलटून गेले असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय अर्ज टाकू नका.

चौथा प्रकार सर्वांत नाजूक, आणि कोकणात भरपूर. १ एप्रिल १९५७ रोजी मालक विधवा, अज्ञान (म्हणजे वयाने सज्ञान न झालेला), शारीरिक-मानसिकदृष्ट्या असमर्थ किंवा सैन्यात असेल तर खरेदी त्या दिवशी होत नाही, लांबते. कलम ३२ फ तेच सांगते. अज्ञान मालक सज्ञान झाला की त्याला, किंवा विधवा वारली की तिच्या वारसांना, स्वतः कसण्यासाठी जमीन मागायला एक वर्ष मिळते. ते संपले की पुढच्या एका वर्षात कुळाने मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला (म्हणजे तहसीलदारांनाच) लेखी कळवायचे, की आम्ही जमीन घेतो. ही चिठ्ठी न पाठवल्यामुळे हजारो कुळांच्या तोंडचा घास गेला. ज्याची मालकीण मुंबईला गिरगावात राहत होती, त्याला ती कधी वारली हे तरी कसे कळावे?

सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याचे उत्तर दिले. विधवेचा हक्क संपल्याची माहिती तिच्या वारसांनी कुळाला द्यायला हवी, तरच कुळाला हक्क बजावता येईल, असे त्या निकालाने सांगितले आणि आधीचे कुळाविरुद्ध जाणारे निकाल मागे पडले. तुमचा अर्ज 'मुदतीत कळवले नाही' एवढ्याच कारणाने पूर्वी फेटाळला गेला असेल किंवा आता तसा आक्षेप येत असेल, तर हा निकाल वकिलाच्या कानावर घाला. आणखी एक बारकावा आहे. विधवा किंवा अज्ञान मालक एकत्र कुटुंबातला असेल, त्याच कुटुंबात सज्ञान धडधाकट पुरुष असेल आणि ३१ मार्च १९५८ पूर्वी त्या विधवेचा हिस्सा सरस-निरस पाहून वेगळा काढलेला नसेल, तर ही सवलत मालकाला मिळत नाही. मग खरेदी १९५७ लाच झालेली असते. म्हणून सातबाऱ्यावर मालकिणीचे नाव दिसले की हताश होऊ नका. तिच्या दिराचे, पुतण्याचे नाव त्याच फेरफारात (सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीत) आहे का ते बघा.

कुठे हा हक्क लागू होत नाही

हे आधीच तपासा, नाहीतर दोन वर्षे फुकट जातील.

देवस्थानाची जमीन: नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्था असेल, तिचे सगळे उत्पन्न देवपूजा, शिक्षण, दवाखाना अशा कामालाच लागत असेल आणि तिच्याकडे कलम ८८ ब चे प्रमाणपत्र असेल, तर तिथे खरेदीचा हक्क नाही. कूळ म्हणून कसण्याचे काही संरक्षण राहते, मालकी मिळत नाही. मात्र 'देवाची जमीन आहे' हे नुसते तोंडी ऐकून माघार घेऊ नका. प्रमाणपत्राची नक्कल मागा.

आंबा-काजूच्या बागा: कलम ४३ अ प्रमाणे फळे किंवा फुले लावण्यासाठीच जी जमीन पट्ट्याने दिली, तिला ३२ पासूनची कलमे लागत नाहीत. मालकांचे वकील हा मुद्दा हमखास काढतात. प्रश्न असा की जमीन दिली कशासाठी? भातासाठी, नाचणी-वरीसाठी दिली आणि बांधावर आंब्याची चार कलमे उभी राहिली, तर ती फळबागेसाठी दिलेली जमीन होत नाही. पण दरवर्षी मोहोर बघून बाग कराराने घेणारा आणि फळ काढून निघून जाणारा माणूस स्वतःला कूळ म्हणवून घेऊ शकेल, अशी आशा मी कोणाला दाखवणार नाही.

वरकसाबद्दल, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीबद्दल, मात्र लोक उगाच घाबरतात. कायद्याच्या व्याख्येत शेती म्हणजे फक्त भात नव्हे. बागायत, गवत, स्वतःच्या गुरांना चारण्यासाठी आणि राबासाठी (भाताच्या रोपासाठी भाजायच्या पालापाचोळ्यासाठी) वापरलेली जमीनही त्यात येते. नुसती लाकूडतोड येत नाही. तेव्हा भाताच्या मळ्याला जोडून राबाचा डोंगर तुमच्या कसणुकीत असेल तर अर्जात तोही लिहा. कित्येकांनी मळा मागितला आणि डोंगर विसरले. आज त्या डोंगरालाच भाव आहे.

सरकारी जमीन, कबुलायतदार गावकर जमिनी (आंबोली, चौकुळ, गेळे इकडच्या) यांचे प्रश्न वेगळे आहेत. ज्या लहान मालकाने वार्षिक उत्पन्न १५०० रुपयांच्या आत असल्याचे दाखवून कलम ८८ क चे प्रमाणपत्र त्या काळी घेतले होते, त्याच्या कुळांची वाटही वेगळी आहे. आणि सातार्ड्याचा पूल ओलांडलात की गोव्याचा कायदा, तो निराळा.

कागद गोळा करणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निकाल कागदावर लागतो.

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून आजचा सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, तो अर्जाला चालतो. मग मागे जायला लागा. सातबाऱ्याच्या खाली कंसात किंवा वर्तुळात फेरफारांचे क्रमांक असतात. त्यातला प्रत्येक फेरफार काढा, एकही सोडू नका. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करून १९४८ ते १९७० या काळातले सातबारे, पीकपाहणीसह, मागा. त्यात 'कसणाऱ्याचे नाव' हा रकाना असतो. तुमच्या आजोबांचे नाव तिथे सलग दहा वर्षे दिसले तर अर्धे काम झाले. गाव नमुना ७ अ हे कुळवहिवाटीचेच पत्रक आहे, ते नावाने मागा. मालकाखेरीज दुसरा कोणी कसत असल्याचे कळवणारा गाव नमुना १४ तुमच्या नावचा कधी भरला गेला असेल तर तोही.

नकला मिळत नसतील, 'रेकॉर्ड जीर्ण आहे' असे उत्तर मिळत असेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' हे लेखी उत्तरसुद्धा पुढे उपयोगी पडते.

जिल्हे आणि तालुके फुटले, हेही लक्षात असू द्या. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून. दोडामार्गच्या जुन्या कागदांसाठी सावंतवाडी गाठावी लागते. रायगडच्या जुन्या कागदावर 'कुलाबा जिल्हा' असेल, तो दुसरा जिल्हा समजून बाजूला ठेवू नका. जुने सर्व्हे नंबर आणि आजचे नंबर जुळत नसतील तर भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे पत्रक किंवा जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता घ्या आणि अर्जाला जोडा. नंबर चुकला म्हणून पहिल्या फेरीत अर्ज परत आलेला मी स्वतः पाहिला आहे.

घरातले कागदही शोधा: खंडाच्या पावत्या, मक्त्याची चिठ्ठी, मालकाचे आंतरदेशीय पत्र ('यंदाचे भात पोचले' एवढे वाक्य सोन्यासारखे), शेतसारा भरल्याच्या पावत्या, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, विहिरीचे किंवा पंपाचे बिल. वाळवी लागलेला कागद चिकटपट्टीने जोडू नका. प्लॅस्टिकच्या पाकिटात तसाच ठेवा आणि आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

हल्ली ई-पीक पाहणी मोबाईलवर होते आणि ती खातेदाराच्या नावाने भरली जाते. मालकाच्या वारसाने गिरगावात बसून किंवा गावच्या कोणाकडून तुमच्या शेतातले भात स्वतःच्या नावाने नोंदवले, तर तो पुरावा उद्या तुमच्याविरुद्ध येतो. दर हंगामात सातबारा बघा आणि खोटे दिसले की ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे आपले पूर्वीचे तलाठी) लेखी हरकत देऊन पोच घ्या.

वारस नोंद, आणि गणपतीची सुटी

कूळ वारले की कुळवहिवाट त्याच्या वारसांकडे जाते. पण इतर हक्कात अजून पणजोबांचेच नाव असेल तर आधी वारस नोंद करून घ्या. वारसांत मुलीही येतात, लग्न होऊन गेलेल्या आत्याही येतात. त्यांना वगळून टाकलेला अर्ज पुढे त्यांच्याच मुलांच्या हरकतीने अडतो, आणि तसे करणे न्यायाचेही नाही.

कोकणात आणखी एक गाठ असते. कुळाचे नाव एकट्या थोरल्या भावाचे, शेजारी 'ए.कु.पु.' म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी. त्याचा अर्थ ती जमीन सगळ्या भावांची. ज्याने गावात राहून चिखल तुडवला त्याला वाटते जमीन आपली, आणि ज्याने गिरणीतून मनीऑर्डर पाठवून खंड भरला त्यालाही वाटते आपली. दोघांचेही खरे असते. हे भांडण कचेरीत नेऊ नका. मालकाचा वकील त्याचीच वाट बघत असतो. गणपतीला चाकरमानी येतात, शिमग्याला येतात, तेव्हा सगळ्यांना एका ओट्यावर बसवा, अर्ज सर्वांच्या नावे करा आणि एकाला सुनावणीचे अधिकारपत्र द्या. आरतीच्या आधी सह्या घेतलेल्या बऱ्या, नंतर जो तो पत्त्याला बसतो.

नोंदच नसेल तर: कलम ७० ब चा अर्ज

मी कूळ आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार तहसीलदाराचा. दिवाणी न्यायालयाला तो नाही. मालकाने दिवाणी दावा लावला असेल आणि तुम्ही कूळ असल्याचे म्हणणे मांडले, तर तेवढा मुद्दा न्यायालयाने कलम ८५ अ प्रमाणे कूळकायद्याच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. तुमच्या वकिलाने लेखी म्हणण्यात हा मुद्दा पहिल्याच तारखेला घ्यायला हवा.

अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: जमीन कोणती (गाव, नंबर, हिस्सा, क्षेत्र, आकार म्हणजे तिच्यावर बसवलेला शेतसारा, चतुःसीमा), कोणाकडून आणि साधारण कोणत्या साली घेतली, खंड काय ठरला होता (रोख, भात, अर्धेल, तिर्धेल), आणि आजपर्यंत कसणूक कशी चालू आहे. त्यानंतर साक्षीदार. लगतच्या शेतकऱ्यांचे जबाब फार उपयोगी पडतात, पण त्यांना पढवू नका. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकूने जबाबात सांगितले, 'खळ्यावर भात मापताना मालकाचा माणूस पायलीवर हात फिरवायचा, मी पोर असताना बघितलंय.' उलटतपासात वकील फिरवत राहिला, ती हलली नाही. खऱ्या आठवणीला असा तपशील असतो.

३२ ग ची चौकशी

नोंद असेल किंवा ७० ब मध्ये कूळ ठरलात, की शेतजमीन न्यायाधिकरणापुढे, म्हणजे तहसीलदारांपुढेच, ३२ ग ची चौकशी. खरे तर ती न्यायाधिकरणाने स्वतःहून करायची असते. आधी त्या नंबरवर १९६०-७० च्या दशकात ३२ ग होऊन गेलेले आहे का ते फेरफारांत बघा. झाले असेल आणि किंमत भरलेली असेल तर नवा अर्ज ३२ ग चा करू नका, ३२ म च्या दाखल्याचा करा. आमची चूक तीच झाली होती. किंमत ठरून ती भरायची राहिली असेल तर उशिराचे खरे कारण लिहून ती भरून घेण्याची विनंती करा.

चौकशी नव्याने होणार असेल तर अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावा, कागद क्रमाने जोडा, मालकाच्या सर्व वारसांची नावे-पत्ते द्या आणि आवक क्रमांक घातलेली पोच घ्या. पोचेशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. मालकाच्या वारसांचे पत्ते मिळवण्यातच वर्ष जाते. गावच्या देवळाच्या वर्गणीची वही, मालकाच्या जुन्या घरी गणपतीला येणारे कोणी, तिथून शोधा.

नोटीस निघाल्यावर तारखेला हजर राहा. इथे फार सावध राहायला हवे. कूळ हजर राहिले नाही किंवा 'मला जमीन घ्यायची नाही' असे म्हणाले, तर खरेदी निष्प्रभ ठरते आणि कलम ३२ प प्रमाणे जमिनीची वेगळी विल्हेवाट लागते. कित्येक जुन्या फाइलींत अडाणी कुळाचा अंगठा आहे आणि वर कोणाच्या तरी सुंदर अक्षरात 'मी स्वखुशीने जमीन घेण्यास नकार देतो' असे लिहिले आहे. जबाबावर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या. प्रकृतीमुळे तारखेला जाता येत नसेल तर मुलाच्या हाती लेखी अर्ज पाठवा आणि त्याचीही पोच घ्या.

मालक तारखांच्या मध्ये भेटायला येईल, 'थोडे पैसे घ्या, हक्क सोडा' म्हणेल, स्टॅम्प पेपर पुढे करेल. कुळाने जमीन सोडायची तर कलम १५ प्रमाणे ती लेखी आणि तहसीलदारांसमोर पडताळून सोडावी लागते. घरात बसून लिहिलेल्या राजीनाम्याला ते बळ नाही. तरीही सही करू नका, कारण तो कागद नाहीसा करायला पुढची दहा वर्षे लागतात.

किंमत किती

लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून उदाहरणच देतो. कायमच्या कुळाला (ज्याची कुळवहिवाट जुन्या नोंदीत कायमची म्हणून लागली आहे त्याला) वार्षिक खंडाच्या सहापट. इतर कुळांना जमिनीच्या आकाराच्या किमान २० पट आणि कमाल २०० पट, यांच्या दरम्यान न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम. सातबाऱ्यावर आकार २ रुपये ७५ पैसे असेल तर हा आकडा ५५ रुपये ते ५५० रुपये यांच्या मध्ये कुठेतरी. त्यात मालकाने बांधलेली विहीर, बांध, इमारत आणि मालकाने लावलेली झाडे यांची किंमत, तसेच कायद्याने देय असलेली खंडाची बाकी मिळवायची. साधे व्याज साडेचार टक्के. रक्कम एकदम किंवा जास्तीत जास्त बारा हप्त्यांत भरता येते.

आजचा बाजारभाव यात येत नाही. मालकाचे वारस तो आणायला बघतात, आणि त्यांचा मार्ग झाडांतून जातो. पंचनाम्याच्या दिवशी म्हणून घरातले कोणीतरी जाणते माणूस शेतात हवेच. कलम कोणी लावले, नारळाला पाणी कोणी घातले, हे त्या वेळी सांगून लिहून घ्या. मालकाने लावलेल्या झाडांचीच किंमत तुमच्याकडून घ्यायची असते, तुमच्या आजीने डोक्यावरून घागरी वाहून जगवलेल्या माडाची नव्हे.

दाखला आणि त्यानंतर

किंमत चलनाने भरली की चलनाची प्रत फाइलला लावा आणि त्याच दिवशी ३२ म च्या दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या. हा दाखला खरेदीचा निर्णायक पुरावा मानला जातो. तो मिळाल्यावर दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, मग फेरफारासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्या. फेरफार टाकला गेला, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केला आणि नव्या सातबाऱ्यावर कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, तुमची नावे आली, हे डोळ्यांनी बघेपर्यंत पाठ सोडू नका. मालकाचे नाव कमी झाले का आणि क्षेत्र बरोबर उतरले का, दोन्ही तपासा.

निकाल विरुद्ध गेला तर आदेशापासून ६० दिवसांत कलम ७४ खाली अपील, ते बहुधा प्रांताधिकाऱ्यांपुढे चालते. त्यावर पुन्हा ६० दिवसांत महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे कलम ७६ चा पुनरीक्षण अर्ज. त्याच्याही वर उच्च न्यायालय. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईऐवजी कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. आदेशाची नक्कल निकालाच्या दिवशीच मागा, दिवस मोजताना ती तारीख कामी येते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो.

मधल्या काळात मालकाने जोरजबरीने ताबा घेतला, तर ताबा परत मिळवण्याचा कलम २९ खालचा अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा असतो. लोक गावकीत मिटेल म्हणून थांबतात आणि दोन वर्षे सरतात. गावकीची बैठक चालू राहू दे, अर्ज आजच टाका.

मालकी मिळाली तरी सातबाऱ्यावर 'कूळकायदा कलम ४३ ला पात्र' असा शेरा येतो. विक्री, बक्षीस, गहाण, पट्टा यांना आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीला १० वर्षे झाली असतील तर विक्रीआधी आकाराच्या ४० पट नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून परवानगीशिवाय विकता येते. वरच्या उदाहरणात तो ११० रुपये होतो. मात्र घेणारा शेतकरी असावा लागतो, त्याची जमीन कमाल मर्यादेच्या वर जाता कामा नये आणि तुकडेबंदी मोडता कामा नये. हे माहीत नसलेल्या कुळाला एजंट सांगतो, 'परवानगीचा खर्च फार आहे, मला कुलमुखत्यारपत्र द्या, मी बघतो.' मुखत्यारपत्र, साठेखत, कोऱ्या कागदावरची सही, यातले काहीही दाखला हातात येण्याआधी देऊ नका. निम्म्या भावात अख्खा डोंगर गेलेली कुटुंबे मला माहीत आहेत.

आणि ज्यांचे घरच मालकाच्या जमिनीत आहे, त्यांनी अर्जात घराखालच्या जागेचा स्वतंत्र उल्लेख करावा. कुळाने स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या घरातून त्याला काढता येत नाही आणि ती जागा विकत घ्यायची तरतूद कलम १६, १७ आणि १७ ब मध्ये आहे. शेताचा निकाल लागला, घराचा राहिला, असे होते.

आमचा दाखला आला तेव्हा वडील नव्हते. आईने तो दोनदा वाचायला लावला, मग ट्रंकेत ठेवू दिला नाही. तो देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर असतो, वाळवी पोचणार नाही अशा जागी.